गाडीची ओळख : फेअरिंग की बैठक?

चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएमची ड्यूक ३९० आपल्या रस्त्यांवर २०१३ साली आली आणि पुढच्याच वर्षी आरसी ३९० आली. पहिल्या पिढीत इंजिन दोघींचं तेच होतं, ३७३ सीसीचं, एका सिलिंडरचं, ताकदही तेवढीच. लायसन्स दोघींना एकच लागतं. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीच्या टप्प्यावर ठरतो, त्यामुळे तोही सारखाच, आणि साडी गार्ड तर दोघींनाही चुकलेलं नाही. सरकारदरबारी या दोन गाड्यांत फरक नाही. तरीही पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजबाहेर विचारा, ड्यूक 'नेकेड' आणि आरसी 'स्पोर्ट' हे सांगायला कुणाला क्षणभरही लागत नाही. 'कशावरून?' असं विचारलं की मात्र एकाला दोन उत्तरं येतात आणि भांडण लागतं. आपल्याकडे शास्त्रार्थाची जुनी रीत आहे : विरुद्ध बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायची आणि मगच उत्तरपक्षाने तोंड उघडायचं. मोटारसायकलींसाठी ही रीत वापरणं काहींना अंमळ जास्त वाटेल. पण बाइकवाले या विषयावर ज्या हिरिरीने बोलतात ती पाहता ही रीत शोभून दिसते. प्रस्तुत लेखकाचा कल उत्तरपक्षाकडे आहे हे आधीच सांगितलेलं बरं. पूर्वपक्षाला मात्र हात राखून बोलायला लावलेलं नाही.

पूर्वपक्ष : यात वाद घालण्यासारखं काय आहे? फेअरिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचं कवच, असेल तर स्पोर्ट, इंजिन उघडं असेल तर नेकेड. शाळकरी पोरगंसुद्धा रस्त्याच्या पलीकडून ओळखतं. आणि हे केवळ दिसण्यापुरतं नाही, त्यामागे वाऱ्याचं गणित आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताशी ५० किलोमीटरला जो वारा गुदगुल्या करतो तोच १०० ला छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. ज्यांना वेग हवा होता त्यांना म्हणूनच वाऱ्याचा बंदोबस्त करावा लागला. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस आणली तेव्हा तिचं फेअरिंग वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं होतं. सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० १९८५ मध्ये आली ती ॲल्युमिनियमची चौकट आणि अंगभर फेअरिंग घेऊन, थेट शर्यतीच्या गाडीसारखी दिसत. आजच्या स्पोर्ट बाइकचा साचा तिथे पडला. त्याआधी बहुतेक सगळ्याच गाड्या उघड्या होत्या आणि कुणी त्यांना वेगळा प्रकार मानत नव्हतं. फेअरिंग आलं म्हणून 'नेकेड' हा प्रकार जन्मला. ज्या गोष्टीमुळे भेद निर्माण झाला, तीच गोष्ट त्या भेदाची कसोटी असणार.

उत्तरपक्ष : वाऱ्याचं गणित बरोबर आहे, पण त्यात सगळ्यात मोठी वस्तू तुम्ही मोजलीच नाही. मोटारसायकलवर वाऱ्याला आडवं येणारं सर्वांत मोठं धूड म्हणजे चालवणारा माणूस. तो ताठ बसला असेल तर त्याच्या पोटापर्यंत येणारं प्लास्टिक फार काही वाचवू शकत नाही. फेअरिंगच्या मागे लपायचं तर आधी वाकावं लागतं, आणि वाकायचं तर हँडल खाली आणि पाय मागे हवेत. म्हणजे क्रम असा लागतो : आधी बैठक, मग फेअरिंग. तुमची कसोटी दोन्ही बाजूंनी तपासून बघा. कावासाकीची निन्जा ६५० घ्या. अंगभर फेअरिंग, नावही निन्जा, रंग शर्यतीचा हिरवा. पण इंजिन आणि चौकट झेड ६५० या नेकेड गाडीचीच, आणि हँडल इतकं उंच की माणूस जवळजवळ सरळ बसतो. ती चालवणाऱ्या जाणत्या लोकांना विचारा, ते तिला लांबच्या प्रवासाची गाडी म्हणतील. स्पोर्ट म्हणताना अडखळतील. आता उलट टोक बघा. १९६० च्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं नॉर्टनच्या चौकटीत ट्रायम्फचं इंजिन बसवून 'ट्रायटन' बनवायची. पुष्कळशा ट्रायटनना फेअरिंग नव्हतंच. होती ती फोर्कच्या नळ्यांना खाली आवळलेली दोन आखूड हँडलं, ज्यांना आपण क्लिप-ऑन म्हणतो, आणि मागे सरकवलेले फुटरेस्ट. त्या गाडीवर माणूस टाकीवर पालथा पडूनच बसायचा. इंजिन उघडं, तरी तिला कुणी आरामाची गाडी म्हटलं नाही. एकीकडे फेअरिंग असून स्पोर्ट नाही, दुसरीकडे फेअरिंग नसून स्पोर्ट आहे. जी कसोटी दोन्हीकडे चुकते ती कसोटी कसली?

इथे उत्तरपक्षाचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा. हात, बूड आणि पाय या तीन जागा जोडल्या की गाडीवर एक त्रिकोण तयार होतो. हात उंच आणि जवळ, पाय बुडाच्या बरोबर खाली, असा त्रिकोण असेल तर धड सरळ राहतं, शरीराचं वजन सीटवर येतं आणि हात फक्त वळवण्यासाठी मोकळे राहतात. रुंद हँडलमुळे तरफ लांब मिळते, थोड्या जोरात गाडी या कुशीवरून त्या कुशीवर जाते. तोच त्रिकोण पुढे ढकलला, हात खाली गेले, पाय मागे आले, की वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकावर सरकतो. ॲक्सिलरेटर पिळल्यावर पुढचं चाक लवकर उचलत नाही, वळणात पुढच्या टायरखाली काय चाललंय ते तळहातांना कळतं. मोल द्यावं लागतं मनगटांना. ताशी १२०-१३० च्या पुढे वारा छातीखाली येऊन तो भार थोडा उचलतो. त्याखाली सगळं ओझं हातांवर. गाडीची बाकीची घडण, म्हणजे गिअरचं प्रमाण, सस्पेन्शन, फोर्कचा कोन, या बैठकीच्या मागोमाग ठरत जाते. हा उत्तरपक्षाचा दावा आहे, आणि पूर्वपक्षाने त्याच्यावर बरोबर जागी बोट ठेवलं आहे.

पूर्वपक्ष : मागोमाग ठरते हे कशावरून? तुमच्याच दोन चाकणकरणी घ्या. पहिल्या पिढीच्या ड्यूक ३९० च्या फोर्कचा कोन ६५ अंश, आरसीचा ६६.५. दोन चाकांमधलं अंतर ड्यूकचं १,३६७ मिलिमीटर, आरसीचं १,३४०. पुढचं सस्पेन्शन ड्यूकवर १५० मिलिमीटर दबतं, आरसीवर १२५. हा फरक लोखंडात आहे, बसणाऱ्याच्या पाठीत नाही. उद्या एखाद्याने ड्यूकला बाजारातलं क्लिप-ऑन लावून आणलं तर ती आरसी होईल का? कमरेचा काटा ढिला होईल, एवढंच. शिवाय इंजिनाचं काय? बीएमडब्ल्यूने एस १००० आरआर या स्पोर्ट गाडीपासून २०१४ मध्ये एस १००० आर ही नेकेड काढली तेव्हा १९३ घोड्यांची ताकद १६० वर आणली. नेकेडला मधल्या वेगातला जोर द्यायचा आणि वरची धाव कापायची, हा शिरस्ताच होता. म्हणून म्हणतो, खरा भेद यंत्रात शोधा. फेअरिंगवर मी अडून बसत नाही, ते त्या भेदाचं दिसणारं चिन्ह आहे. पण बसण्याची पद्धत म्हणजे यंत्र नव्हे.

उत्तरपक्ष : हे तुम्ही माझ्याच बाजूने मांडलंत. हे आकडे एकमेकांशी कसे जोडलेले आहेत ते बघा. आरसीच्या आखूड, खालच्या हँडलला तरफ कमी मिळते. ती उणीव भरून काढायला फोर्क अधिक उभा केला आणि चाकं जवळ आणली, म्हणजे गाडी चटकन वळेल. इतका उभा फोर्क बिनधास्त चालतो, कारण चालवणाऱ्याचं वजन पुढच्या चाकावर दाबून बसलेलं आहे. ड्यूकवर माणूस ताठ बसतो, खड्ड्याचा दणका सरळ मणक्यात जातो, म्हणून सस्पेन्शनला २५ मिलिमीटर जास्त मोकळीक. यातला कुठला आकडा फेअरिंगमुळे बदलला? एकही नाही. नुसतं हँडल बदलून गाडी बदलत नाही हे मात्र मान्य. मी हँडलला खूण म्हणतो. कसोटी म्हणजे पूर्ण त्रिकोण आणि त्याला धरून केलेली घडण. इंजिनाची गोष्ट मात्र आता जुनी झाली. डुकाटीची २०२० ची स्ट्रीटफायटर व्ही४ पाहा : ११०३ सीसीचं इंजिन तेच जे पानिगाले व्ही४ मध्ये आहे, ताकद २०८ विरुद्ध २१४. सहा घोड्यांच्या फरकावर कोण प्रकार पाडेल? आपल्याकडे टीव्हीएसने तर उलटंच केलं. २०२३ मध्ये अपाची आरटीआर ३१० आली ती ३५.६ ची ताकद घेऊन, आणि फेअरिंगवाल्या आरआर ३१० कडे तेव्हा ३४ च होती. उघडी गाडी जास्त ताकदीची. तुमचा शिरस्ता मोडला, तरी दोघींवर बसणाऱ्याला कुठली कुठली हे विचारावं लागत नाही.

पूर्वपक्ष : ठीक. मग वंशावळीवर या. नेकेड म्हणून आज जे मिरवतं ते मुळात स्पोर्टचंच अपत्य आहे. ब्रिटन-जर्मनीत ऐंशी-नव्वदच्या दशकांत पडलेल्या, फेअरिंग फुटलेल्या गाड्या स्वस्तात मिळायच्या. नवं फेअरिंग परवडत नसे म्हणून पोरांनी ते फेकून उंच हँडल लावलं आणि त्याला स्ट्रीटफायटर म्हटलं. ट्रायम्फने १९९७ च्या स्पीड ट्रिपलला दोन उघडे गोल दिवे लावले ते तीच धाटणी उचलून. डुकाटीची १९९३ ची मॉन्स्टर म्हणजे ८५१-८८८ या सुपरबाइकची चौकट आणि ९०० सुपरस्पोर्टचं इंजिन. तेव्हा नेकेड ही स्वतंत्र जात मानू नका, स्पोर्टची पोटशाखा माना. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी पोसलेली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी नेमकं हेच करते. तिच्या वर्गवारीत 'अनक्लॅड स्पोर्ट' असा गट आहे : घडण आणि धाव स्पोर्टसारखी, फक्त प्लास्टिक नाही. या संस्थेने २००७ मध्ये दाखवलं होतं की सुपरस्पोर्ट गाड्या चालवणाऱ्यांचा मृत्युदर इतर बहुतेक प्रकारांच्या जवळपास चौपट आहे. वर्गवारीला काही अर्थ असेल तर तो इथे आहे. कुणाची मनगटं दुखतात याच्याशी कुणाला काय देणं-घेणं?

उत्तरपक्ष : मॉन्स्टरचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. सुपरबाइकची चौकट तशीच ठेवून मॉन्स्टरचा रचनाकार मिगेल गालुत्सी याने हँडल उंच केलं आणि तिला कुणी सुपरबाइक म्हटलं नाही. चौकट जर कुळ ठरवत असती तर म्हटलं असतं. आणि वंशावळीचं म्हणाल तर ती गेल्या काही वर्षांत उलटी वाहू लागली आहे. यामाहाने प्रदूषणाच्या नव्या नियमांपुढे २०२० नंतर युरोपच्या रस्त्यांवरून आर६ काढून घेतली, आणि २०२१ मध्ये जी आर७ आणली ती एमटी-०७ या नेकेड गाडीचं ६८९ सीसीचं इंजिन आणि मूळ चौकट घेऊन. बदललं काय? हँडल खाली, पाय मागे, फोर्क अधिक उभा, आणि मग या सगळ्यावर फेअरिंग. ट्रायम्फची कथा याहून मजेशीर. डेटोना ६७५ या स्पोर्ट गाडीपासून २००७ मध्ये स्ट्रीट ट्रिपल निघाली. पुढे रोजच्या विक्रीत डेटोना थांबली, स्ट्रीट ट्रिपल वाढत ७६५ सीसीची झाली. २०१९ पासून मोटो-२ शर्यतींना जे इंजिन मिळतं ते त्या स्ट्रीट ट्रिपलच्या इंजिनावर बेतलेलं आहे, आणि २०२२ पासून वर्ल्ड सुपरस्पोर्टच्या शर्यतीत स्ट्रीट ट्रिपल स्वतःच उतरली, क्लिप-ऑन आणि फेअरिंग चढवून. बाप कोण, लेक कोण, हे आता सांगता यायचं नाही. जी गोष्ट दोन्ही दिशांना चालते तिच्यावरून दिशा ठरवू नये. राहिला विम्याचा प्रश्न. तिथे प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. विमेवाल्याला हे हवं आहे की कुठल्या गाडीमागे किती दावे येतील. त्याला ताकद आणि वजन पुरतं, आणि त्याच्या कामासाठी त्याची विभागणी रास्त आहे. पण ती आपल्याकडे आणून बघा. यामाहाची आर१५ दीडशे सीसीच्या आसपासची गाडी. धावेवरूनच स्पोर्ट ठरवायची तर अमेरिकेच्या मोजपट्टीवर ती कुठे बसेल? तरी तिला स्पोर्ट न म्हणणारा चालक महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. तो तिला स्पोर्ट म्हणतो ते तिच्या वेगावरून नव्हे.

पूर्वपक्ष : वेगावरून नव्हे हे कबूल, दिसण्यावरून म्हणतो! हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. तुमचं १२०-१३० ला वारा छाती उचलतो वगैरे ऐकायला छान आहे, पण तो वारा इथे खायचा कुठे? चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८० ची मर्यादा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, अटल सेतूवर बंदी. ज्या रस्त्यांवर फेअरिंगचा आणि तुमच्या त्रिकोणाचा उपयोग झाला असता ते रस्ते या गाड्यांना बंद आहेत. मग लोक आर१५ का घेतात? ती दिसते म्हणून. विकत घेणारा ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो तीच त्या प्रकाराची व्याख्या.

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, कारण तो कल्पनेतल्या चालकाला बाजूला सारून खऱ्याखुऱ्या गिऱ्हाईकाबद्दल बोलतो. शोरूममध्ये जाणारा पोरगा फेअरिंगवर भाळतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

उत्तरपक्ष : भाळतो, घेतो, आणि चार महिन्यांनी काय म्हणतो? 'कंबर जाते.' 'मागे कुणी बसायला तयार नाही.' 'सिग्नलला हात अवघडतात.' त्यातलं एकही वाक्य फेअरिंगबद्दल नाही. तुम्ही सांगितलेली ८० ची मर्यादाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. ८० च्या आत फेअरिंग आहे की नाही हे शरीराला फारसं जाणवत नाही. बैठक मात्र प्रत्येक स्पीडब्रेकरला जाणवते, आणि जिथे वारा भार उचलायला येत नाही तिथे जास्तच. शोरूमच्या काचेतून गाडी बघणाऱ्याची वर्गवारी आणि ती रोज चालवणाऱ्याची वर्गवारी या दोन गोष्टी आहेत, आणि आपला प्रश्न चालवणाऱ्यांचा होता. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. यामाहाने २०१९ मध्ये एमटी-१५ आणली तेव्हा इंजिन आर१५ चंच, १५५ सीसीचं, चौकटही त्याच डेल्टाबॉक्स घराण्याची. हँडल उंच केलं, आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात वाढवले. दात का वाढवले याचा विचार करा. ताठ बसलेल्या माणसाला वरची धाव वारा गाठूच देत नाही. मग ती कापून खालचा पिकअप वाढवलेला बरा. नुसतं फेअरिंग काढायचं असतं तर स्प्रॉकेटला हात लावायची गरज नव्हती. माणूस उठून बसला, म्हणून गिअरचं प्रमाण बदललं.

पूर्वपक्ष : मग पल्सर एनएस २०० चं काय करणार? तिचं हँडल दोन तुकड्यांचं, क्लिप-ऑन धर्तीचं. तुमच्या खुणेप्रमाणे ती स्पोर्ट ठरली. आणि बजाजने तर नावातच दोन्ही घालून ठेवलंय, एनएस म्हणजे नेकेड स्पोर्ट.

उत्तरपक्ष : तुकडे मोजू नका, उंची मोजा. एनएसचं हँडल दोन तुकड्यांचं असलं तरी ते पुरेसं वर आहे. त्यावर बसणारा थोडा पुढे कलतो, पडत नाही. अमेरिकेत पाइक्स पीकच्या डोंगरी शर्यतीत क्लिप-ऑनला मनाई करून एकसंध हँडल सक्तीचं केलं होतं. रेषा आखताना आयोजकांनी फेअरिंगकडे पाहिलं नाही, हँडलकडे पाहिलं, हे माझ्या पथ्यावर पडणारं आहे. पण 'एकसंध' ही नियम तपासणाऱ्यांची सोय झाली. बजाजच्या नावाबद्दल म्हणाल तर ते प्रामाणिक नाव आहे. एनएस मधोमधच आहे.

पूर्वपक्ष : मधोमध! म्हणजे तुमच्याकडे दोन प्रकार उरलेच नाहीत. आणि आता शेवटचं. पाच फूट दोन इंचाच्या माणसाला ड्यूकच्या रुंद हँडलपर्यंत पोचायला पुढे वाकावं लागतं. सहा फुटी माणूस निन्जा ६५० वर खुर्चीत बसल्यासारखा बसतो. बैठक ही कसोटी धरली तर एकच गाडी एकाला नेकेड आणि दुसऱ्याला स्पोर्ट. माझं फेअरिंग निदान माणसागणिक बदलत तरी नाही.

उत्तरपक्ष : दोन कप्पे उरले नाहीत हे खरं, आणि ते मी मान्य करतो. पण बुटक्याला बसवा की उंचाला, एमटी-१५ पेक्षा एनएस, एनएसपेक्षा फेअरिंगवाली पल्सर आरएस २००, आणि तिच्यापेक्षा आर१५ त्याला अधिक पुढे ओढणारच. माणूस बदलला की प्रत्येक गाडीची जागा थोडी सरकते, त्यांचा क्रम सरकत नाही. चालक गाड्यांबद्दल बोलतात तेही असंच, 'तिच्यापेक्षा ही जास्त स्पोर्टी' असं. फेअरिंग फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतं, त्यामुळे ट्रायम्फची स्पीड ट्रिपल १२०० आरआर समोर आली की ते गप्प बसतं. तिचं इंजिन नेकेड स्पीड ट्रिपल १२०० आरएसचंच, चौकटही तीच. दिव्याभोवती अर्धं कवच, बाकी इंजिन उघडंच, आणि हँडल मात्र आरएसपेक्षा दहा सेंटिमीटरहून जास्त खाली. तिला तुम्ही अर्धी नेकेड म्हणाल की अर्धी स्पोर्ट? मला अर्धं काहीच म्हणावं लागत नाही. आरएसवर बसून हँडलवरचे हात सोडा, धड जागच्या जागी राहतं. आरआरवर सोडा, ते टाकीवर येतं. क्रमात ती आरएसच्या बरीच पुढे आणि पानिगालेच्या थोडी मागे.

पूर्वपक्ष : आणि तिचं अर्धं कवच?

उत्तरपक्ष : वाकलेल्या माणसाला तेवढं पुरतं.